चिठ्ठीची भाषा शिकवणारा कराडचा शनिवार-रविवार वर्ग

डी. फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) संपवून ट्रेनिंगसाठी मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहणाऱ्या मुलामुलींनी डॉक्टरांच्या चिठ्ठीची भाषा शिकवणारा हा वर्ग जरूर करावा, आणि जमलं तर ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधीच करावा. मी फार्मासिस्ट आहे, कराडात माझं मेडिकल आहे आणि माझ्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्या मुलांना मी गेली काही वर्षं या वर्गाला पाठवते. यंदा प्रणाली आणि अक्षय या दोघांना पाठवलं, आणि वर्ग घेणाऱ्या सरांची परवानगी घेऊन मीही जमेल तेव्हा मागच्या बाकावर जाऊन बसत होते. त्यामुळे जे लिहिते आहे ते ऐकीव नाही.

सर आता निवृत्त आहेत. आधी हॉस्पिटलच्या औषध विभागात आणि मग कॉलेजात शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. जाहिरात करायची नाही असं त्यांनी बजावलंय, म्हणून नाव-पत्ता देत नाही; कराडातल्या कुठल्याही जुन्या मेडिकलवर विचारलंत तर सांगतील. आठ आठवड्यांचा वर्ग आहे, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी दोन-दोन तास. फी १,८०० रुपये, त्यात झेरॉक्स नोट्स आल्या. मेडिकलमध्ये मदतनीस म्हणून कामाला असलेली, फार्मसी न शिकलेली मुलंही येतात. त्यांच्याकडून सर निम्मीच फी घेतात. मात्र पहिल्याच दिवशी ते त्यांना १९४८ चा फार्मसी कायदा समजावून सांगतात. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय चिठ्ठीवरचं औषध कोणी द्यायचं नाही. शब्द कळायला लागले म्हणून तो अधिकार मिळत नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण गावोगावी नेमकं उलटं चाललेलं दिसतं.

विषय एकच आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधाच्या वेष्टनावर आणि काउंटरवर जी भाषा चालते ती. आता कोणी म्हणेल, हे तर डी. फार्म.ला शिकवतातच. शिकवतात, पण परीक्षेपुरतं. ‘बीडी म्हणजे काय’ असं पेपरात येतं, मुलं ‘बिस इन डाय, दिवसातून दोनदा’ असं लिहितात आणि मार्क मिळवतात. काउंटरवर असा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे ढेबेवाडीहून एसटीने आलेली आजी विचारते, “पोरी, ही लाल गोळी कवा घ्यायची? आन् माझा सोमवार आसतो, मंग?” प्रणालीला डिस्टिंक्शन होतं, तरी पहिल्या आठवड्यात ती अशा वेळी माझ्याकडे वळून बघायची. तिला शब्द येत होता, पण त्याचं पुढे काय करायचं ते येत नव्हतं. ते शिकवणारा आमच्या भागात माझ्या माहितीतला हा एकच वर्ग.

सरांकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. त्यात खऱ्या चिठ्ठ्यांच्या प्रती आहेत, पेशंट आणि डॉक्टर दोघांचीही नावं कापून काढलेल्या. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, फळ्यापाशी उभं राहून मोठ्याने वाचायची, आणि मग समोरच्या खुर्चीत पेशंट बनून बसलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला औषध समजावून द्यायचं. समजावताना इंग्रजी किंवा लॅटिन शब्द तोंडातून येता कामा नये. ‘असेल’ हा शब्द तर वर्गात चालतच नाही. “बीडी असेल”, “पन्नास असेल” असं कोणी म्हणालं की सर चिठ्ठी काढून घेतात आणि परत डब्यात टाकतात. “वाचता येत नाही, डॉक्टरांना फोन करून विचारते” असं सांगणाऱ्याला पूर्ण मार्क. डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव (ब्रँडचं नव्हे, आतल्या मूळ औषधाचं) सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, हे २०१६ पासून त्यांच्या नियमांत आलेलं आहे. काही डॉक्टर तसं लिहितात आणि त्यांची चिठ्ठी हातात आली की बरं वाटतं. पण सगळ्या चिठ्ठ्या तशा येत नाहीत, आणि चिठ्ठी कशीही आली तरी अंदाजाने औषध द्यायचं नाही, ही सवय या डब्यामुळे लागते.

अक्षयने उचललेल्या चिठ्ठीवर थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, ओडी, बीबीएफ असं होतं. त्याने झटकन सांगितलं, “रोज एक गोळी, नाश्त्याच्या आधी.” समोर पेशंट म्हणून प्रणाली बसली होती. ती म्हणाली, “दादा, मी नाश्ता करतच नाही. उठल्यावर चहा-खारी, मग एकदम जेवण.” अक्षय थांबला. सरांनी मग पूर्ण वाक्य सांगितलं: सकाळी उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहासुद्धा अर्ध्या तासानंतर. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि यात चार तासांचं अंतर ठेवायचं, कारण दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. ‘बीबीएफ’ या तीन अक्षरांमागे एवढं सगळं असतं. दुसऱ्या दिवशी दुकानात थायरॉइडच्या एका मावशी आल्या, त्यांना अक्षयने हे न अडखळता सांगितलं आणि वर विचारलं, “कॅल्शियम चालू आहे का?” होतं चालू. दोन्ही गोळ्या त्या सकाळी एकदमच घेत होत्या.

नेहमीच्या खुणा पहिल्या दोन आठवड्यांतच पाठ होतात. ओडी, बीडी, टीडीएस, क्यूआयडी, म्हणजे दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. झोपताना म्हणजे एचएस, लगेच म्हणजे स्टॅट. आपल्याकडचे बरेच डॉक्टर सरळ १-०-१ असं लिहितात आणि ते सगळ्यात सोपं. सर जास्त वेळ देतात ते जिथे एकच खूण दोन अर्थांनी वाचली जाऊ शकते तिथे. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या चिठ्ठीवर तीच अक्षरं उजव्या डोळ्यासाठीही वापरतात. बी/एफ म्हणजे जेवणाआधी की नाश्त्याआधी, हे डॉक्टरागणिक बदलतं. ३/७ म्हणजे तीन दिवस, २/५२ म्हणजे दोन आठवडे आणि १/१२ म्हणजे एक महिना, हे तर कित्येक जुन्या मदतनीसांनाही माहीत नसतं. मोठ्या हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर ‘सीएसटी’ असतं, म्हणजे आहेत तीच औषधं पुढे चालू. तेव्हा ‘आहेत ती’ कोणती, हे जुनी चिठ्ठी मागून पाहिल्याशिवाय काहीही काढून द्यायचं नाही.

एसओएसवर सरांनी जवळजवळ अख्खा तास घेतला. ‘गरज लागली तर’ असं सांगून आपण मोकळे होतो. पण गरज म्हणजे काय? ताप किती चढला तर? एक घेऊन उतरला नाही तर दुसरी किती वेळाने? दिवसात जास्तीत जास्त किती? या प्रश्नांची उत्तरं चिठ्ठीत नसतील तर ती विचारून घ्यायची आणि पाकिटावर लिहून द्यायची. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी एसओएस म्हणून दिलेली असते. ती पेशंटने पाण्याबरोबर गिळली तर ऐन वेळी उपयोग होत नाही. म्हणून ‘एसएल’ ही दोन अक्षरं दिसली की सर मुलांना स्वतःची जीभ वर करून, बोट लावून दाखवायला लावतात. पहिल्यांदा मुलं हसली, नंतर सगळ्यांनी केलं.

वर्गातल्या एका मुलीची बहीण अमेरिकेत फार्मसी टेक्निशियन आहे. तिकडे टेक्निशियन हे फार्मासिस्टच्या हाताखालचं वेगळं पद असतं. आपल्याकडे डी. फार्म. करून नोंदणी झाली की माणूस थेट फार्मासिस्टच होतो, म्हणजे जबाबदारी पहिल्या दिवसापासून जास्त. चिठ्ठीत कुठल्या खुणा वापरू नयेत याची त्या बहिणीने पाठवलेली ‘वापरू नका’ यादी सरांनी फळ्यावर उतरवून घेतली. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या तिथल्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली ती आणली. युनिटसाठी नुसतं ‘यू’ लिहायचं नाही, कारण घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. पूर्णांकापुढे दशांश चिन्ह देऊन शून्य लिहायचं नाही, कारण टिंब पुसट असेल तर १.० चे १० वाचले जातात. उलट अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाआधी शून्य हवंच, नाहीतर .५ चे ५ होतात. आपल्याकडे हे सक्तीचं असो-नसो, आपण स्वतः लिहितो तेव्हा तरी पाळावं, असा सरांचा आग्रह आहे. माझ्या दुकानात औषधाच्या पाकिटांवर आता ‘युनिट’ हा शब्द पूर्णच लिहिला जातो.

याच संदर्भात मला वर्गाच्या नोट्सबद्दल तक्रार करायची आहे, आणि ती बारीक नाही. नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्स आहेत. मायक्रोग्रॅमसाठी जे ग्रीक अक्षर वापरतात त्याची खालची शेपटी छपाईत उडाली आहे आणि काही पानांवर ते सरळ ‘एम’सारखं दिसतं. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचा फरक असतो. ही चूक शिकवणाऱ्या वर्गाच्याच कागदावर ती दिसावी, हे मला अजिबात पटलं नाही. मी सरांना पान दाखवलं. त्यांनी त्याच रविवारी सगळ्यांच्या नोट्सवर स्वतः लाल शाईने ‘मायक्रोग्रॅम’ असं लिहून दिलं. पण पुढच्या बॅचसाठी नोट्स नव्याने टाइप करून घ्यायलाच हव्यात. १,८०० रुपयांत ते बसत नसेल तर शंभर रुपये जास्त घ्या, कोणी कुरकुर करणार नाही.

इन्सुलिनचा तास मात्र मी इतक्या चांगल्या रीतीने शिकवलेला कधी पाहिलेला नाही. सरांनी टेबलावर दोन सिरिंज ठेवल्या, एक लाल टोपीची आणि एक नारंगी. लाल टोपीची यू-४०, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हायल, म्हणजे इन्सुलिनच्या छोट्या बाटल्या, याच असतात. नारंगी यू-१००, एका मिलीत १०० युनिट असलेल्यासाठी. मग दोन्हींत रंगीत पाणी २० च्या रेघेपर्यंत भरून मुलांच्या हातात दिलं. लालमध्ये अर्धा मिली पाणी आलं, नारंगीत ०.२ मिली. आता हिशेब करा, म्हणाले. ४० युनिटवाल्या व्हायलमधून नारंगी सिरिंजने ‘वीस’ भरलं तर पेशंटच्या अंगात प्रत्यक्षात आठच युनिट जातात आणि साखर उतरत नाही. उलट १०० युनिटवालं इन्सुलिन लाल सिरिंजने ‘वीस’ भरलं तर पन्नास युनिट जातात. वर्ग एकदम शांत झाला. आमच्याकडे सिरिंज मागायला नातू येतो, शेजारी येतो, “शुगरची सुई द्या” एवढंच म्हणतो. “व्हायलवर किती लिहिलंय? माहीत नसेल तर घरी फोन लाव, वाचून दाखवायला सांग” हे त्या क्षणी विचारणं म्हणजेच ‘आययू प्रति मिली’ (एका मिलीत किती युनिट) हा शब्द येणं. प्रणाली आता व्हायलचा आकडा कळल्याशिवाय सिरिंज देत नाही. एक गिऱ्हाईक चिडून निघूनही गेलं. जाऊ दे.

लहान मुलांच्या औषधाचंही तसंच. पॅरासिटॅमॉलचं सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं येतं, २५० चं येतं, आणि थेंबांची छोटी बाटली येते तिच्यात एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे बाटली लहान, पण औषध १२५ च्या सिरपपेक्षा चौपट दाट. १२५ चं सिरप अडीच मिली म्हणजे साडेबासष्ट मिलिग्रॅम. आईने घरात असलेल्या थेंबांच्या बाटलीतून तेवढंच अडीच मिली पाजलं तर अडीचशे. चिठ्ठीवर नुसतं ‘अडीच मिली’ असेल आणि ५ मिलीत किती हे लिहिलेलं नसेल, तर ती चिठ्ठी अपुरी समजायची. घरचा चमचा वापरायचा नाही, बाटलीबरोबरच्या मापाच्या टोपीनेच मोजायचं, हे मुलांकडून वदवून घेतात. कोरड्या सिरपचा भागही चांगला झाला: उकळून गार केलेलं पाणी, आधी बाटली हलवून पावडर मोकळी करायची, मग खुणेपर्यंत पाणी, पुन्हा हलवायची. पाणी घातल्यावर औषध किती दिवस चालतं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं का, हे लेबलवर वाचून आईला तिथेच सांगायचं.

सगळ्यात अवघड तास होता औषध कुठल्या मार्गाने घ्यायचं त्या शब्दांचा. पीओ (तोंडाने), आयएम (स्नायूत), आयव्ही (शिरेत), एससी (त्वचेखाली) इथपर्यंत सगळे बोलत होते. पीव्ही (योनीमार्गातून) आणि पीआर (गुदद्वारातून) आलं आणि वर्गातल्या माना खाली गेल्या. योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या आपल्या काउंटरवरून रोज जातात. देणारा मुलगा लाजतो, घेणारी बाई त्याहून जास्त लाजते, आणि पाकीट कागदात गुंडाळून मुकाट्याने पुढे सरकवलं जातं. मग ती बाई घरी जाऊन गोळी पाण्याबरोबर गिळते. असं झालेलं मला दुकानात येऊन बायकांनीच सांगितलंय. सरांनी कोणालाही न चिडवता, न ओरडता, प्रत्येकाकडून एकच वाक्य म्हणवून घेतलं: “ही गोळी तोंडाने घ्यायची नाही, रात्री झोपताना योनीमार्गात आतवर ठेवायची आहे.” मुलांकडूनही आणि मुलींकडूनही, आवाज खाली न पाडता. अक्षयला तीनदा म्हणावं लागलं. आम्ही दुकानात आता काउंटरच्या कडेला, औषधांच्या कपाटाजवळ थोडी आडोशाची जागा केली आहे, तिथे नेऊन सांगतो. पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम असल्याचं २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत आहेच. ते असं काउंटरवर उतरलेलं पाहून मला मनापासून समाधान वाटलं.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या औषधांसाठी सरांचा नियम मी जसाच्या तसा उचलला. सांधेदुखीच्या काही प्रकारांत आणि सोरायसिसमध्ये मेथोट्रेक्सेट आठवड्याला एकदा देतात. ते रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी घटतात, तोंड सोलवटून निघतं, जिवावर बेततं. तेव्हा ‘आठवड्यातून एकदा’ एवढं म्हणून थांबायचं नाही. वाराचं नाव घ्यायचं, “फक्त रविवारी”, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत तो वार लिहायचा. छापील पाकिटावरचे ‘सकाळ-दुपार-रात्र’ हे रकाने त्या दिवशी पेनाने खोडून टाकायचे.

औषधांच्या नावांचे दोन तास मला सगळ्यात रंजक वाटले. जागतिक आरोग्य संघटनेने जेनेरिक नावांची पहिली यादी १९५३ साली काढली, तेव्हापासून नावाच्या शेपटीवरून औषधाचं कूळ कळतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन हे ‘सार्टन’ आणि रॅमिप्रिल, एनालाप्रिल हे ‘प्रिल’, दोन्ही बीपीचे. अटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉलचे. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन शुगरचे. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल पित्ताचे. हे कळलं की नवी कंपनी, नवं ब्रँड नाव आलं तरी मुलं गांगरत नाहीत. आतलं नाव वाचून गट सांगतात. पण सर लगेच अपवादही दाखवतात. निस्टॅटिनच्या शेवटी ‘स्टॅटिन’ आहे, पण ते तोंडातल्या बुरशीवरचं औषध. अरिपिप्राझोलचा पित्ताशी काही संबंध नाही, ते मानसिक आजारांसाठी. आणि दिसायला-ऐकायला सारखी नावं: कार्बिमाझोल थायरॉइड वाढलेल्यांना, कार्बामाझेपिन फिटवाल्यांना. इथे गिऱ्हाईक ज्याला ‘पॉवर’ म्हणतं तो आकडा कामी येतो. कार्बिमाझोल ५, १०, २० मिलिग्रॅममध्ये येतं, कार्बामाझेपिन १००, २००, ४०० मध्ये. नाव आणि आकडा जुळत नसेल तर हात तिथेच थांबला पाहिजे.

एसआर, ईआर (औषध हळूहळू सोडणारी), डीटी (पाण्यात विरघळवायची), एमडी (तोंडात विरघळणारी) या गोळ्यांपुढच्या अक्षरांवर सरांनी एक उदाहरण दिलं ते प्रत्येक मेडिकलवाल्याने लक्षात ठेवावं. मेटफॉर्मिन एसआर घेणारे पेशंट कधीकधी येऊन सांगतात, “गोळी पोटात विरघळतच नाही, शौचातून तशीच पडते.” औषध हळूहळू बाहेर पडून गेलेलं असतं, नुसतं कवच पडतं. हे माहीत नसेल तर पेशंट गोळी बंद करतो नाहीतर कुटून खातो, आणि एसआर गोळी कुटली की दिवसभराचं औषध एकदम पोटात उतरतं. ब्रँडच्या नावापुढचे ‘प्लस’ आणि ‘फोर्ट’ यांना मात्र ठरलेला अर्थ नाही. तिथे मागचा मजकूर वाचायचा, दुसरा इलाज नाही.

कायद्याच्या शब्दांवर वर्ग कमी पडतो. शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांच्या कायद्यातल्या याद्या, हे सर एका तासात उरकतात. एच-१ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यातलं औषध दिलं की डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. एवढं सांगितलं, पण रजिस्टरचं पान कसं भरायचं ते दाखवलं नाही. ट्रेनिंगच्या मुलाला पहिल्या आठवड्यापासून हेच काम पडतं. टीबीची औषधं, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम, बरीच अँटिबायोटिक्स एच-१ मध्ये येतात. निदान एक कोरं रजिस्टर वर्गात ठेवून प्रत्येकाकडून पाच नोंदी करून घ्यायला हव्यात.

दुकानदारीचे शब्द तर नाहीतच. शॉर्ट बुक, स्कीम, क्रेडिट नोट, एक्स्पायरी रिटर्न, नॉन-मूव्हिंग हे सगळं मुलांनी दुकानातच शिकावं, असं सरांचं म्हणणं. मला ते अर्धंच मान्य आहे. स्कीम आणि क्रेडिट नोट मी शिकवीन. पण एक्स्पायरी हा पेशंटचाही विषय आहे. वेष्टनावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, त्याचा अर्थ त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. स्ट्रिप कापून द्यायची तेव्हा बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली बाजू आपल्याकडच्या तुकड्यावर शिल्लक राहील अशी कापायची, आणि पेशंटच्या पाकिटावर त्या दोन्ही गोष्टी लिहून द्यायच्या. हे मी माझ्याकडच्या मुलांना शिकवते, पण ज्यांना शिकवणारं कोणी नाही त्यांनी कुठे जायचं?

ट्रेनिंगच्या ५०० तासांत, त्या किमान तीन महिन्यांत, मुलं खरं तर हे सगळं दुकानात शिकायला हवीत. पण संध्याकाळी ओपीडी सुटल्यावर काउंटरवर रांग लागलेली असताना मी एकेका शब्दापाशी थांबू शकत नाही, आणि काही ठिकाणी ट्रेनिंगच्या मुलांना नुसतं बॉक्स उचलायला आणि झाडू मारायला ठेवतात. अशा मुलांसाठी हा वर्ग जास्तच गरजेचा आहे. ज्यांना परदेशी जाऊन परीक्षा द्यायची आहे त्यांना तो पुरणार नाही, तिथले नियम वेगळे. हॉस्पिटल फार्मसीत जाणाऱ्यांना आयव्ही आणि वॉर्डच्या शब्दांसाठी वेगळी तयारी लागेल.

पुढची बॅच डी. फार्म.चा निकाल लागल्यावर सुरू होते आणि लवकर भरते. या वेळी मुलं जास्त झाली होती, त्यामुळे चिठ्ठ्यांच्या डब्याची पाळी काहींना दोन-दोन आठवडे आली नाही. सरांनी यापुढे वीसच्या वर घेऊ नयेत, असं मी त्यांना सांगितलं आहे. जाणार असाल तर आपल्या मेडिकलवरची छापील पाकिटं आणि एक जाड काळं स्केचपेन बरोबर न्या, कारण लिहायचा सराव त्यावरच करून घेतात. मुलींसाठी सांगते, शनिवारचा तास सुटायला साडेआठ वाजतात. ढेबेवाडी आणि पाटणकडच्या मुलींनी परतीच्या एसटीची वेळ आधी पाहून ठेवा आणि सरांना सांगून ठेवा, ते वेळेवर सोडतात.